पाचवं जाकीट

शहाण्णव साली जळगावच्या बळीराम पेठेत एक कुजबुज निघाली आणि बघता बघता मेहरूणच्या तलावापर्यंत पोचली. कुजबुज अशी, की धुळ्याविरुद्धच्या पूलच्या सामन्यासाठी अभिमन टेलरला संघात घेतलं ते त्याच्या खेळासाठी नव्हेच. घेतलं ते त्याच्या बायकोच्या तोंडासाठी! नवरा खेळायला उभा राहिला की ताईबाई प्रेक्षकांत येऊन बसणार, ताईबाईंनी तोंड उघडलं की धुळेकरांच्या काठ्या थरथरणार, आणि कप जळगावला येणार. कांतीशेठसारख्या मुरलेल्या कापडवाल्यानं एका वारात दोन सदरे बसवले, असं लोक म्हणायचे आणि वर डोळा मारायचे.

आता हे कांतीशेठ कोण, ते आधी सांगितलं पाहिजे. बळीराम पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. दुकानावर माडी, आणि माडीवर पूर्वी चादरींचे गठ्ठे असत. शेठच्या पुतण्यानं, सुभाषचंदनं, मुंबईला कुठंसं पूलचं टेबल पाहिलं आणि तो वेडा झाला. पूल म्हणजे बिलियर्डचं धाकटं भावंड. हिरव्या बनातीचं टेबल, त्याला सहा खिसे, हातात काठी. काठीनं पांढरा बॉल मारायचा, त्यानं रंगीत बॉल ढकलायचे. एकानं साधे घालायचे, दुसऱ्यानं पट्ट्याचे, आणि आपले सगळे संपले की शेवटी काळा. काळा ज्यानं घातला तो जिंकला. पांढरा खिशात गेला तर चूक, आणि काळा आधीच गेला तर हार. पुतण्यानं टेबल आणलं खरं, पण ते जिन्यातून चढेना. शेवटी माडीच्या खिडकीची चौकट काढली आणि दोर लावून ओढलं. खाली रस्त्यावर लोक ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणत होते. कांतीशेठ मात्र दुकानात हात जोडून बसले होते, ते टेबलासाठी नव्हे, खिडकीसाठी.

पण मग केबल आली. एका रविवारी शेठनी घरी परदेशातला पूलचा सामना पाहिला. एका बाजूला अमेरिकेचा संघ, दुसऱ्या बाजूला युरोपचा. खेळाडू कसे निवडले ते बोलणारा सांगत होता: काही गुणांवर, आणि एखाददुसरा कप्तानाच्या मर्जीनं. प्रेक्षक तर काय, झेंडे अंगाला गुंडाळून, तोंडं रंगवून, बैलांच्या शंकरपटात ओरडावं तसे ओरडत होते. समोरच्याचा नेम चुकला की नाचत होते. आणि खेळाडूंच्या अंगात जाकिटं! शेठ धंद्यानं कापडाचे, त्यांच्या डोक्यात आधी जाकिटंच शिरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की दरवर्षी जळगाव विरुद्ध धुळे असा सामना होईल. पाच-पाच खेळाडू, चार गुणांवर, पाचवा निवडणाऱ्याच्या मर्जीनं. आणि प्रेक्षकांना ओरडायची पूर्ण मोकळीक. हा शेवटचा नियम शेठनी स्वतः हट्टानं घातला होता, हे ध्यानात असू द्या. निवडणारेही अर्थात शेठच. हातात काठी त्यांनी जन्मात धरली नव्हती, पण मापात कधी चूक झाली नव्हती, असं ते म्हणत.

दुकानाच्या ओट्यावर अभिमनचं शिवणयंत्र होतं. गडी मूळचा धरणगावचा, अंगानं किडकिडीत, गळ्यात सदा मोजायची टेप. ती टेप तो जेवतानाही काढत नसे. बोलणं म्हणाल तर दिवसाला चार वाक्यं, त्यातली दोन ‘उद्या या’ आणि उरलेली दोन ‘परवा या’. दुपारी गिऱ्हाईक मंदावलं की हा माडीवर जायचा, भिंतीला टेकवलेली काठी घ्यायचा आणि एकटाच खेळत बसायचा. गाजावाजा नाही, शाबासकी नाही. तीन वर्षांत गुणांच्या चौघांत त्याचा नंबर काही लागला नाही, कारण जोरात मारायला त्याला जमत नसे. तो बॉल असा हळू सोडायचा, की बघणाऱ्याला वाटावं, हा पोचेल तोवर चहा होईल. पण पोचायचा. दरवर्षी पाचव्या जागेची निवड झाली की अभिमन घरी जायचा, जेवायचा आणि कुणाशी काही न बोलता भिंतीकडे तोंड करून झोपायचा. न बोलणं नेहमीचंच, पण भिंतीकडे तोंड म्हणजे निवड झाली नाही, हे त्याच्या बायकोला बरोबर कळे.

ती बायको म्हणजे ताईबाई. माहेर धुळ्याचं, पांझरेच्या काठचं देवपूर. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी झोके घेतात, गौराई बसवतात आणि गौराई बोळवायला नदीवर गेल्या की अलीकडच्या काठावरच्या पोरी पलीकडच्यांना शिव्या घालतात. गाण्यात घोळून, तालात, नात्यागोत्याचा उद्धार करत. मनावर कुणी घ्यायचं नाही, घेतलं तर हरलात. ताईबाई कुमारी असताना पलीकडच्या काठानं दोनदा माघार घेतली होती, असं देवपुरात अजून सांगतात. लग्न होऊन जळगावला आली आणि एवढी विद्या नळावरच्या भांडणात वाया जाऊ लागली.

वाया जायची थांबली ती आदल्या वर्षी. धुळ्याचा संघ जळगावला आला होता. त्यांचा हुकमी खेळाडू लोटन. देखणा, केस मागं वळवलेले, आणि प्रत्येक फटक्याआधी काठीच्या टोकाला निळा खडू घासत बसायची सवय. घासायचा, फुंकायचा, बघायचा, पुन्हा घासायचा. अभिमन तेव्हा नुसता बघ्या. त्याचा डबा घेऊन ताईबाई माडीवर आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. सगळे श्वास रोखून होते. लोटन खडू घासतोय, घासतोय. आणि दारातून खणखणीत आवाज आला, “भाऊ, टिळा लावाले इतला येळ? नवरदेव शे का तू?”

माडी अशी हसली की खाली दुकानात कापडाच्या घड्या हलल्या. लोटनचा पांढरा बॉल थेट खिशात. ताईबाई डबा ठेवून निघूनही गेल्या, पण लोटन त्या दिवशी परत काही सावरला नाही. त्या वर्षी कप जळगावला राहिला आणि ताईबाईंचं नाव दोन्ही जिल्ह्यांत झालं.

तर शहाण्णवचा सामना धुळ्याला होता आणि धुळेकरांनी दिवस ठरवला आखाजीचा. सुट्टी आहे, हॉल रिकामा आहे, लोक मोकळे आहेत, असं त्यांनी कळवलं. कांतीशेठनी ‘मंजूर’ म्हणून टाकलं आणि अभिमनला पाच जाकिटं शिवायला सांगितलं. तांबडं टेरिकॉट, मागं काळं अस्तर. एप्रिल-मेच्या उन्हात धुळ्याला जाकीट घालून खेळायचं म्हणजे काय, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही.

अभिमननं चौघांची मापं घेतली. एक शेठचा पुतण्या सुभाषचंद. दुसरा भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला सॅम्युअल, लोको शेडमध्ये जन्म काढलेला. तिसरा सिंधी कॉलनीतला गोप, पोटानं पुढारलेला. चौथा मेहरूणचा युसूफ. चार जाकिटं कापली, शिवली, बटणं लागली. पाचव्याचं कापड तसंच घडीवर. पाचव्या जागेसाठी तिघांचं नाव लोक घेत होते: पोस्टातला शालिग्राम, रसवंतीवाला वना आणि अभिमन. शालिग्राम खेळानं तिघांत उजवा, वना जोरकस, आणि अभिमनचं नाव घ्यायचं म्हणून घ्यायचे.

एका सकाळी अभिमननं धीर केला. दुकानात जाऊन शेठच्या गादीसमोर उभा राहिला. “शेठ, चार झाली. पाचव्याचं माप कुणाचं घेऊ?”

कांतीशेठ पान लावत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही. “तुझंच घे.”

अभिमन उभाच. त्याला वाटलं, शेठ म्हणतायत की नमुन्याला माप घे. “म्हणजे... शालिग्रामला सैल होईल.”

“शालिग्रामला कशाला होईल? घालायचंय तुला. जा आता, गिऱ्हाईक आलंय.”

अभिमन ओट्यावर परत आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःचं माप घेतलं आणि स्वतःचं माप स्वतः घेणं किती अवघड असतं ते त्याला त्या दिवशी कळलं. टेप पाठीमागं पोचेना, हात धड राहीना. शेवटी रस्त्यानं जाणाऱ्या पेपरवाल्याला बोलावून त्यानं पाठ मोजून घेतली. घरी गेला तो उताणा झोपला, छताकडे बघत. ताईबाई समजल्या.

पण पेठेला आनंद पचत नाही. चार दिवसांत कुजबुज अभिमनच्या कानावर आली. तीही कुठं, वनाच्या रसवंतीवर. वनानं उसाचा चरक थांबवला, घुंगरू गप्प केले आणि गोड आवाजात म्हणाला, “अभिमन, तू खेळ, नाही खेळ, काही बिघडत नाही. वहिनी आल्या म्हणजे झालं. तुझा एक हात नि त्यांचं तोंड, जोडी मस्त आहे.” भोवतीचे हसले. अभिमननं रस अर्धा टाकला.

घरी येऊन बसला. ताईबाईंनी दोनदा विचारल्यावर त्यानं सांगितलं. सांगताना मान खाली. गड्याला कप नको होता, नाव नको होतं. त्याला एवढंच हवं होतं, की कुणीतरी त्याचा तो हळू सोडलेला बॉल बघून म्हटलेलं असावं, हा आपल्या संघात पाहिजे. आणि आता पेठ म्हणत होती, की बॉल कुणी बघितलाच नाही.

ताईबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मना तोंडकरता? मंग जाकीट मनाच मापनं शिवा! मी खेळस, तुम्ही घर बसा नि भाकरी टाका.”

अभिमनला हसू आलं, पण काटा गेला नाही.

कुजबुजेला पाय असतात आणि धुळ्याची एस. टी. दर तासाला सुटते. देवपुरात ताईबाईंचा धाकटा भाऊ पुना धुळ्याच्या संघाची व्यवस्था बघायचा. त्याच्या कानावर ही बातमी गेली तेव्हा तो म्हणे खदखदून हसला आणि पायात चपला घालून सरळ स्टँडवर गेला. आखाजीच्या आधी लेकीला न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. दरवर्षी पुना आदल्या दिवशी यायचा, यंदा आठवडाभर आधी दारात उभा!

“राम राम दाजी! आखाजीले अक्काले लेवाले उनू.”

अभिमन सुईत दोरा ओवत होता. “यंदा मॅच शे, पुना. धुळामाच.”

“म्हनीसन तं उनू! लेक आखाजीले माहेरनी. मंग ती बसी बी माहेरकडेच. का वं अक्का?”

ताईबाईंनी पिशवी आधीच भरली होती. माहेरच्या मुऱ्हाळ्यापुढं नवऱ्याचा सामना म्हणजे काय मोठी गोष्ट!

ही बातमी फुटताच पेठेत हलकल्लोळ. ज्या तोंडाच्या जोरावर जळगाव उड्या मारत होतं, ते तोंड आखाजीच्या दिवशी धुळ्याचं असतं, हे एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं. शालिग्राम आणि वना अभिमनच्या घरी शिष्टाई करायला आले. पुना खाटेवर बसून चहा पीत होता, तरी शालिग्रामनं अभिमनला दारामागं ओढलं.

“अभिमनभाऊ, वहिनींना यंदा नका पाठवू. ताप आला म्हणा.”

“कुणाला?”

“वहिनींना!”

“त्या बघा, पाट्यावर चटणी वाटतायत.”

“मग तुम्हाला आला म्हणा!”

अभिमननं त्या दिवसाची चारही वाक्यं एकदम खर्च केली. “मुऱ्हाळी दारातून रिकामा परत गेला तर सासरवाडीत मला तांब्याभर पाणी मिळायचं नाही. आणि तुम्हीच म्हणता ना, मला तिच्या तोंडासाठी घेतलं? आता तोंड चाललं माहेरी. मी एकटाच उरलो, मला घ्यायचं तर घ्या.”

ताईबाई गेल्या. अभिमनची तीन दिवसांत चार सुया मोडल्या. एरवी तो यंत्र चालवायचा आणि ताईबाई घरात येताजाता बोलत राहायच्या: ही बाही वाकडी, ती कॉलर मोठी, अमक्याचं धोतर फाटलं तरी तुमचा सदरा काही होत नाही. त्या आवाजावर त्याचा पाय पायट्यावर चालायचा. घर गप्प झालं आणि पाय चुकू लागला. हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याला स्वतःलाही नीट कळलं नव्हतं.

आखाजीच्या सकाळी कांतीशेठची मेटॅडोर निघाली. वर ‘जळगाव जिंदाबाद’चं फडकं. पण गाडी निम्मी रिकामी. सणाचा दिवस, कोण घर सोडून येणार? पिपाण्या, थाळ्या, चमचे भरपूर होते, वाजवणारे हात थोडे. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, उन्हानं पत्रा तापला, आणि तांबडी जाकिटं घातलेले पाच शूर धुळ्याला उतरले तेव्हा भट्टीतून काढलेल्या विटांसारखे दिसत होते.

धुळेकरांनी सामना दुपारी तीनला ठेवला होता. त्यांचे लोक घरचं सगळं उरकून, पुरणपोळी-आमरस चेपून, पान खाऊन निवांत आले. हॉल गच्च. आणि एका बाजूला, झोक्यांवरून उतरून थेट आलेल्या देवपूरच्या माहेरवाशिणी. पहिल्या रांगेत ताईबाई, नवं लुगडं, हातभर चुडा. शेजारी त्यांची आई यशोदाबाई, कानावर हात धरून सगळं ऐकणारी.

पंच होते एक निवृत्त पोस्टमास्तर. ते सुरुवातीलाच म्हणाले, “खेळ चालू असताना शांतता राखावी.”

पुना उभा राहिला. “मास्तर, नियम वाचा. प्रेक्षकांस्ले मोकळीक शे. जळगावनाच शेठनी घालेल शे ना तो नियम?”

सगळ्यांनी कांतीशेठकडे पाहिलं. शेठ टोपी काढून वारा घेऊ लागले.

पहिला सुभाषचंद. गडी हुशार, पण प्रत्येक फटक्याआधी टेबलाभोवती फिरून कोन मोजायचा. दोन फेऱ्या झाल्या असतील, तेवढ्यात ताईबाईंची तोफ सुटली. “सुभाषभाऊ, गिऱ्हाइकनं कापड शे का ते? कितलंबी मोजा, चार बोट कमीच भरी!” बायका पदरात तोंड घालून लोळल्या. सुभाषचंद लाल झाला, मारला आणि पांढरा बॉल टेबलाखाली. एक सामना धुळ्याला.

दुसरा सॅम्युअल. ताईबाईंनी रेल्वेवरून काढलं, इंजिनावरून काढलं, कोळशावरून काढलं. सॅम्युअल हसला, हात हलवला आणि एकामागून एक बॉल घालत गेला. लोको शेडमध्ये आयुष्य गेलेलं, त्याला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. त्याला वाटलं, बायका कौतुक करतायत. एक जळगावला.

तिसरा गोप. तो वाकला आणि जाकीट पोटावर ताणलं. “वाकू नको भाऊ, बटन तुटी! शिवनारले मी वळखस!” गोप स्वतःच हसायला लागला आणि हसता हसता काळा बॉल भलत्याच वेळी घालून बसला. दोन धुळ्याला. या वेळी अभिमनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, कारण शिवणारा तोच.

चौथ्याला लाइट गेली. पंखे थांबले, कूलर थांबला, खिडकीतून ऊन येत होतं तेवढंच. बायका पदरानं वारा घेण्यात आणि लाइटवाल्यांना शिव्या घालण्यात गुंतल्या. युसूफनं तेवढ्यात गुपचूप आपलं काम उरकलं. दोन-दोन.

लाइट आली. पाचवा सामना: धुळ्याचा लोटन, जळगावचा अभिमन.

हॉलमध्ये जी गंमत पसरली ती काय सांगावी! लोकांना खेळाचं काही पडलं नव्हतं. आता बायको नवऱ्याला काय बोलते, तेवढंच बघायचं होतं. अभिमन टेबलापाशी आला. अंगात पाचवं जाकीट, गळ्यात टेप. टेप काढायची राहिलीच होती. त्यानं ताईबाईंकडे पाहिलं नाही. त्याच्या मनात एवढंच होतं, की आज ती समोरच्या बाजूला आहे, आज जो बॉल जाईल तो माझाच.

माहेरवाशिणी ओरडल्या, “अक्का, बोल ना! नवरा उना म्हनीसन गप का?” कुणी म्हणालं, “नाव घे, नाव! नाव घेतल्याबिगर सोडाव नही!”

ताईबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि हॉलभर आवाज घुमला:

“हिरवी हिरवी मखमल, गोटा वरथून पयतस,
अभिमनराव दिवाळीना सदरा आखाजीले देतस!”

छप्पर उडायचं बाकी राहिलं. जळगावची मंडळीही थाळ्या वाजवू लागली, कारण प्रत्येकाचा एकेक सदरा अभिमनकडे अडकलेला होता. आणि अभिमन? त्यानं मान खाली घातली, किंचित हसला, वाकला, आणि पट्ट्याचा बॉल हळूच सोडला. गेला. दुसरा सोडला. गेला. ताईबाई त्याच्या धरणगावच्या भावकीवर आल्या, मग त्याच्या घोरण्यावर, मग लग्नात त्यानं घातलेल्या आखूड पँटवर. जसजशी ती बोलत होती तसतसा त्याचा हात बनातीवर शिवणयंत्रासारखा एकतालात चालत होता. दुसरे खेळाडू त्या आवाजानं मोडले होते. याचा संसारच त्या आवाजावर चालला होता.

लोटनही काही कमी नव्हता. खडू घासत, फुंकत, त्यानंही आपले बॉल संपवले आणि काळ्याला चुकला. कडेला लागून काळा खिशाच्या तोंडाशी थबकला. आता अभिमनची पाळी. त्याचाही फक्त काळा उरलेला. गेला तर कप जळगावचा. चुकला तर लोटनला आयताच.

अभिमन वाकला. आणि ताईबाई गप्प झाल्या.

का गप्प झाल्या, ते त्यांनाच ठाऊक. त्या नंतर म्हणाल्या, घसा बसला. यशोदाबाई म्हणाल्या, तिच्या डोळ्यात पाणी मी पाहिलं. काही असो, पहिल्या रांगेत शांतता पडली आणि तिच्यामागं सगळा हॉल शांत. कूलरची घरघर तेवढी. अभिमननं काठी मागं घेतली, आणि ताल लागेना. पुन्हा घेतली, पुन्हा लागेना. कपाळावरचा घाम नाकावर आला. तो सरळ उभा राहिला, पहिल्यांदाच बायकोकडे वळला आणि सगळ्या धुळ्यादेखत म्हणाला, “बोल ना वं! गप का बसनी?”

ताईबाई उसळल्याच. “काय बोलू? माले काय हौस शे? आरे, तो टेप काढा पहिले गळामाईन! पांढरा बॉलवर लोंबी र्‍हायना! टेप लागना तं फाऊल व्हई, मंग बसा बोंबलत! तीन येळा सांगं घरमा, टेप काढत जा, पन आयकी तो मानूस कसाना? आयुष्य गयं मनं टेप काढा, टेप काढा करता करता...”

अभिमननं टेप खांद्यावरून मागं टाकली. ताईबाई बोलतच होत्या. तो वाकला, आणि तिच्या वाक्याच्या मधोमध त्यानं पांढरा बॉल सोडला. हळू. इतका हळू, की पंच चष्मा पुसून पुन्हा घालून बघत होते. पांढऱ्यानं काळ्याला नुसता हात लावला, आणि काळा खिशात पडला.

मग जो गोंधळ झाला! पुना खुर्चीवर चढला. “अक्का, तू कोनी? आमनी का त्यासनी? टेपनं सांगानी काय गरज होती?”

“मी तं शिव्याच दिन्यात!” ताईबाई म्हणाल्या. “आयकेल नही का बठ्ठास्नी? टेपवरथून शिव्या दिन्यात!”

“त्या शिव्या नव्हत्यात, ती मदत होती!”

“चौदा वरीसपाईन मी त्यासले आशीच मदत करस!”

दोन्ही बाजू हमरीतुमरीवर यायच्या बेतात होत्या, तेवढ्यात यशोदाबाई काठी टेकत उठल्या. टेबलावर ठेवलेला कप त्यांनी उचलला, अभिमनच्या हातात दिला, त्याच्या तोंडावरून बोटं मोडली आणि लोकांकडे वळून म्हणाल्या, “धुळं हारनं नही रे भो! आखाजीले जावई दारशी उना, त्याले आंदण दिना!”

संपलंच भांडण! हरण्यापेक्षा देणं केव्हाही बरं. धुळेकरांनी अभिमनला खांद्यावर घेतलं, लोटननं स्वतःच्या खडूनं त्याच्या कपाळाला निळा टिळा लावला, आणि रात्री देवपुरात सगळ्या जळगावकरांना इतका आमरस वाढला, की गोपच्या जाकिटाचं बटण खरोखरच तुटलं. ते ताईबाईंनीच तिथं बसून लावलं आणि लावताना शिवणाऱ्याला पुन्हा चार शब्द सुनावले.

अभिमन पुढं वर्षानुवर्षं संघात राहिला. हळू बॉल बघायला लोक येऊ लागले. कुजबुज मात्र मेली नाही, उलट तिला पोरं झाली. धुळ्यात म्हणायचे, अभिमनला घेतलाच मुळी जावई म्हणून, धुळेकरांनी मऊ पडावं यासाठी. जळगावात म्हणायचे, टेपचा इशारा शेठनीच आधी पढवला होता. कांतीशेठ या सगळ्याला मान डोलवायचे, कारण हुशार ठरण्यात कुणाचं काय जातं? अभिमननं त्यांना कधी विचारलं नाही.

खरं एवढंच होतं. सामना आखाजीचा होता. आखाजीला ज्याचा बाप वारलेला असतो त्यानं दुपारी घरी बसून बापाच्या नावाची घागर पुजायची असते, आणि त्याला घराबाहेर काढणं बरं दिसत नाही, म्हणून कांतीशेठनी अशा माणसाला विचारायचंच नाही असं ठरवलं होतं. शालिग्रामचा बाप वारला होता. वनाचा वारला होता. अभिमनचा बाप धरणगावला जिवंत होता. म्हणून अभिमनला घेतलं.